आधी नाव घे

१

घरातून निघताना मी गॅसचं बटण दोनदा बघते. मागचं दार ओढून बघते. पुढच्या दाराला कुलूप घातलं की त्यालाही एकदा हिसका देऊन बघते. शेजारची केसर मला हसते. म्हणते, "किशोरी, तुझ्या घरात चोर शिरला ना, तर तोच कंटाळून काहीतरी ठेवून जाईल." हसू दे बापडीला. सुकट-बोंबील विकून उभं केलेलं घर आहे, मी नाही बघायचं तर कोण बघणार? आमचे हे तांडेल. होडी घेऊन एकदा रेवदंड्याच्या बंदराबाहेर पडले की आठ-आठ दिवस घराचं तोंड बघत नाहीत.

त्या दिवशीही मी सगळं बघितलं. चावी केसरच्या हातात दिली. चावी एकच आहे. दुसरी ह्यांनी केव्हाच समुद्राला वाहिली. मग पोरीला घेऊन टेम्पोत बसले, नवी साडी सावरली, आणि साळावचा पूल ओलांडल्यावर कमरेला हात लावला तर फोन नाही! स्वयंपाकघरात, फ्रिजवर, चार्जिंगला लावलेला तसाच राहिला. जळ्ळं मेलं माझं लक्षण. गॅस दोनदा बघितला आणि हातभर अंतरावरचा फोन दिसला नाही.

"राहू दे गं आई," भाविका म्हणाली. "माझा आहे ना."

आम्ही चाललो होतो माझ्या नणंदेकडे, कोकिळाबायकडे. तिच्या मुलीची, राहीची, हळद होती. त्यांची वाडी भेरशेत, डोंगराच्या आड. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला माडाची बाग, आणि फोनला रेंज औषधालाही नाही. फक्त कोकिळाबायच्या घराला लागून पाहुण्यांसाठी एक खोली काढलीये, तिथे मुंबईच्या पाहुण्यांच्या हट्टापायी वायफाय बसवलंय.

तेवढं पुरेल असं पोरीला वाटलं होतं. मलाही वाटलं होतं.

२

तर पोरीचं काम काय होतं ते सांगते. नर्सिंग कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. शेवटची यादी. त्या दिवशी पाच वाजेपर्यंत साइटवर जाऊन सीटला 'हो' म्हणायचं, नाहीतर सीट पुढच्या मुलीला. साइट सकाळपासून उघडतच नव्हती, दुपारी जेवणं उरकल्यावर उघडली. माझ्या सासूने डोक्यावर मासळीची पाटी घेतली, माझ्या आईने घेतली, मी घेतली. पोरीच्या डोक्यावर पाटी नको, पांढरी टोपी हवी, एवढा एकच हट्ट मी आयुष्यात केला. त्या सीटसाठी मी वाघाच्या तोंडात हात घातला असता.

पाहुण्यांच्या खोलीत आम्ही दोघी बसलो. बाहेर मांडवात धवलारीण हळदीची गाणी सुरात लावत होती. भाविकाने राहीच्या लॅपटॉपवर नंबर टाकला, पासवर्ड टाकला. साइटने सांगितलं, तुमच्या मोबाईलवर ओटीपी पाठवलाय.

"माझ्या मोबाईलवर?" मी म्हटलं.

"तुझ्या. फॉर्म भरताना तुझाच नंबर दिला होता आपण. माझं सिम तेव्हा बंद होतं ना."

"मग ईमेलवर मागव."

"ईमेलही तुझ्याच नंबरावर कोड पाठवतो, आई. नवी जागा दिसली की विचारतो, तू तूच कशावरून."

घ्या! चावी कपाटात, आणि कपाटाला कुलूप. केसरला व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकला: घरात जा, फ्रिजवर फोन आहे, आलेला नंबर सांग. टिक एकच. फोन लावला, लागेना. पोरगी नखं खायला लागली. घरी परत जावं म्हटलं तर एसटी निघून गेलेली, टेम्पो वऱ्हाडाला आणायला गेलेला, आणि हातात जेमतेम तास.

तेव्हा मी येडपटासारखं एक केलं. पोरीच्या फोनवरून, व्हॉट्सअॅपवरच, माझ्याच नंबरला फोन लावला. घराला कुलूप, आत कोण असणार? पण गजांची खिडकी उघडी असते, वाजलेला ऐकून एखादी शेजारीण केसरला शोधेल, असं काहीतरी डोक्यात.

वाजला, वाजला. आणि कोणीतरी उचलला.

"हां," बाईचा आवाज. जरा घोगरा.

"अगो केसर! देवासारखी धावलीस! मेसेज आलाय बघ, सहा आकडे. वाच."

पलीकडून तिने वाचायला घेतलं. मग एक-एक आकडा, सावकाश, बालवाडीतल्या पोराला शिकवावा तसा. मी मोठ्याने म्हणत गेले, भाविकाने टाकले. साइट उघडली. पोरीने मला मिठीच मारली. माझा जीव भांड्यात पडला.

फोन ठेवता ठेवता मागून आमच्या कुकरची शिटी ऐकू आली. आमच्याच, शंका नको. तिचं रबर गेलंय, पूर्ण वाजत नाही, मध्येच फुस्स होते. केसर माझ्या घरात भात कशाला लावतेय, असं एकदा मनात आलं. पण आनंदात कोण विचार करतो?

३

केसरचा निरोप आला तेव्हा पोरगी मार्कशीटचे फोटो चढवण्यात गुंतली होती. आवाजी निरोप होता. मी फोन कानाला लावून ऐकला. मागे एसटी स्टँडचा गोंगाट, कंडक्टरची हाळी.

"किशोरी, फोन लावलेलास व्हय? मी अलिबागला हाय गो, दाताच्या डॉक्टरकडं आलेली. आता कुठं रेंज आली. घरी न्हाय मी. चावी माझ्या कमरेला हाय, तू काय काळजी करू नको."

मी निरोप पुन्हा ऐकला. मग फोन पोरीला परत दिला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

घाबरायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं. मी काही भुताखेतांच्या गोष्टी ऐकून घोंगडीत शिरणारी बाई नाही. भल्या पहाटे एकटीने बंदरावर जाऊन लिलावात भांडलेली आहे. तर हिशेबाने विचार करू. चोर असेल. पण चोरटी बाई कुलूप न तोडता आत शिरली, फोन उचलला, ओटीपी वाचून दाखवला आणि वर भात लावला? अशी चोरटी मिळाली तर मी तिला पगार देऊन ठेवीन. मग चुकून दुसऱ्याच नंबरला लागला असेल. पण मग ओटीपी बरोबर कसा? हे परत आले असतील? ह्यांचा आवाज बाईचा नाही, आणि ह्यांना भात लावता आला असता तर माझा संसार सुखाचा झाला असता.

उरलं काय? काहीच उरलं नाही. तीच भीती.

"आई," पोरीने हाक मारली, "कागदपत्रं सरकारी डिजिटल कपाटातून आणायची आहेत. त्यालाही ओटीपी लागतो. लाव ना परत केसरमावशीला."

तिला सांगावं का? सांगून काय होणार, हातपाय गाळून बसेल. घड्याळ पुढे चाललं होतं. मी फोन घेतला आणि पडवीत आले.

४

पहिल्याच रिंगला उचलला.

"कोण बोलतंय?" मी दरडावून विचारलं.

"आधी नाव घे."

घोगरेपणा आता कमी होता. बाई हसत होती, असं मला वाटलं. माझ्या बाजूनेच बायका हळदीची ताटं घेऊन चालल्या होत्या. आमच्याकडे नवी सून असो की जुनी जाऊ, उंबऱ्यात आडवा हात लावायचा आणि नवऱ्याचं नाव घेतल्याशिवाय आत सोडायचं नाही. माझ्या उखाण्यांसाठी तर बायका टपलेल्या असतात. सबंध रेवदंड्यात माझ्यासारखे उखाणे कोणाला येत नाहीत, हे मी नाही, लोक म्हणतात.

"नाव घे, मग आकडे देते," ती म्हणाली.

बाजूच्या एकीने तेवढंच ऐकलं आणि ओरडली, "किशोरीवयनी नाव घेतेय गो!" झालं, सगळ्या गोळा. 'घे, घे'चा गलका. मलाही हसू फुटलं. भीतीतलं हसू असतं ना, दाबलं की जास्त येतं, तसलं. मी नाव घेतलं. बायकांनी टाळ्या पिटल्या. पलीकडच्या बाईने दम घेतल्यासारखा एक श्वास घेतला आणि सहा आकडे सांगितले. मी धावत आत जाऊन पोरीला दिले. कपाट उघडलं.

आणि मग कोकिळाबायने घोळ केला. ती स्वयंपाकाकडून उशिरा आली, तिला ऐकायला मिळालं नव्हतं. "परत घे वयनी," म्हणून माझ्या हाताला धरून मांडवात नेलं. मी पदर खोचला, सवयीने मान वर केली, तोंड उघडलं.

तोंडातून काही आलं नाही.

उखाणा विसरले, असं समजू नका. उखाणा काय, नवा जुळवला असता. पण ज्याचं नाव घ्यायचं त्याचं नावच सापडेना. माणूस डोळ्यांसमोर होता: उन्हाने रापलेला, तुटकी चप्पल घालणारा, माझ्या हातच्या तिखट रश्शाला नावं ठेवणारा. त्याला हाक काय मारतात, तेवढंच नाही. जिभेवर असतं ना एखादं नाव, आत्ता येईल आत्ता येईल? तसंही नव्हतं. तिथे काही नव्हतंच.

"लाजते बघा या वयात!" कोणीतरी चिडवलं. सगळ्या खिदळल्या. मी कोकिळाबायला बाजूला घेतलं आणि हळूच म्हटलं, "मघाशी मी काय म्हटलं ते कोणाला तरी विचार ना."

विचारून आल्यावर तिने मला म्हणून दाखवलं: "रेवदंड्याच्या खाडीला भरतीचं पाणी, शिवदासच्या होडीची मी घरची राणी. तुझाच हाय ना? आणि असं काय बघतेस? शिवदास, माझा भाऊस. ऊन लागलं काय तुला?"

शिवदास. चांगलं नाव आहे. कोणाच्या तरी नवऱ्याचं असावं असं.

माझी पाचावर धारण बसली. मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि पाणी साडीवर सांडलं.

५

"आता शेवटचं," भाविका म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. लहानपणी ताप यायचा तेव्हा व्हायचे तसे. "सीट कन्फर्म करायची. एकच ओटीपी, आई. दहा मिनिटं आहेत. मी बटण दाबलंय, गेला पण असेल तुझ्या फोनवर."

मी तिच्याकडे बघितलं. नको म्हणावं, असं आतून येत होतं. सांगावं, बाळा, राहू दे ही सीट, पुढच्या वर्षी बघू. पण पुढचं वर्ष आमच्यासारख्यांचं कधी येत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. पुढच्या वर्षी ती माझ्याबरोबर बाजारात बसेल, तिच्या पुढच्या वर्षी तिला बघायला येतील, आणि मग तिची पोरगी पाटी उचलेल.

"बाहेर जाऊन लावते," मी म्हटलं. "इथे आवाज फार आहे."

खोलीच्या मागे न्हाणीकडे जायचा बोळ आहे, तिथे उभी राहिले. वायफायची शेवटची कांडी तिथे जेमतेम पोचते. घाईत बटण भलतंच दाबलं गेलं, फोनाऐवजी व्हिडिओ.

उचलला गेला. आधी अंधुक, मग चित्र आलं. माझं स्वयंपाकघर. माझा ओटा, माझा हिरवा डबा, खिडकीतून येणारं तिरपं ऊन. फोन फ्रिजवर उभा करून ठेवला असावा. कुकरमधून वाफ येत होती. आणि चित्राच्या कडेने एक हात आत आला, उलथणं घेऊन. कोपरापर्यंतच दिसत होता. सावकाश तव्यावर काहीतरी उलटत होता. मनगटाच्या आतल्या बाजूला तळणीच्या तेलाने भाजलेला डाग होता, पापलेटाच्या आकाराचा.

मी माझं मनगट बघितलं. डाग होता. माझाही होता.

"व्हिडिओ बंद कर," ती म्हणाली. तिने सांगितलं आणि मी ऐकलं. आवाज आता घोगरा नव्हता. आपला आवाज रेकॉर्ड करून ऐकला की कसा परका लागतो, तसा तो होता.

"बाई, तू कोण आहेस?"

"तू कोण आहेस ते सांग आधी," ती म्हणाली, तिरसट. मी असंच बोलते.

"मला आकडे दे. माझ्या पोरीचं आयुष्य आहे."

"देते ना. मी कुठे नाही म्हणते? ती झाली तेव्हाचं सांग. भाविका झाली तो दिवस. अगदी पहिल्यापासून."

बोळात मांडवातला ढोल घुमत होता. मघाशी नाव दिलं आणि नाव गेलं. हे दिलं की हेही जाणार, हे न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? दुसरं काहीतरी माग, मी म्हटलं. बाजारातलं माग, माझ्या लग्नाचं माग, माझ्या आईचं शेवटचं आजारपण ने, ते तर मी आनंदाने देईन.

"ते नको," ती म्हणाली. "तेच सांग."

खोटं सांगावं, असंही मनात आलं. काहीतरी रचून. पण मी सुरुवात करायला जीभ उचलली तेवढ्यात ती म्हणाली, "खरं सांग हां. खोट्याला आकडे चुकीचे येतात."

"आई!" पोरगी बोळाच्या तोंडाशी आली होती. रडकुंडीला. "आई, चार मिनिटं राहिलीत. काय करतेस तू? मावशी काय म्हणते?"

"म्हणते, सांगते," मी म्हटलं. आणि मी बोलायला लागले.

६

काय सांगितलं ते मला माहीत नाही.

पोरगी म्हणते मी भिंतीला टेकून बोलत होते, भरभर, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मध्येच एकदा हसलेही. मग सहा आकडे म्हटले. ते तिने टाकले, आणि साइटवर हिरवी खूण आली: प्रवेश निश्चित. घड्याळाचा काटा पाचाला भिडत होता.

तिने मांडवात जाऊन आरोळी ठोकली. कोकिळाबायने तिच्या तोंडात पेढा कोंबला, राहीची उष्टी हळद तिच्या गालाला फासली. बायका म्हणाल्या, किशोरीची लेक नर्स होणार, आता आपल्याला सुई टोचायला घरचं माणूस. मी पण हसले. खोटं नाही सांगत, मला खरोखर आनंद झाला. पोरीसाठी झाला. मी जे मागितलं होतं ते मला मिळालं होतं.

पण मी त्या दिवसाकडे मन न्यायची आणि ते घसरून खाली यायचं. आधीचं आठवत होतं: पोट वाढलेलं, मी सुकट वाळत घालतेय. नंतरचं आठवत होतं: पाळणा बांधलेला. मधलं घासूनपुसून पालथं ठेवलेल्या ताटासारखं. कुठे झाली ही? दवाखान्यात, घरी? कोण होतं जवळ? ह्यांनी, शिवदासने, हातात घेतलं का? रडली का ती लगेच? आईला या गोष्टी माहीत नसतात असं कधी ऐकलंय?

ती माझ्याशेजारी येऊन बसली, हळदीचे हात माझ्या गळ्यात टाकून.

"आई, तू फोनवर मावशीला माझ्या जन्माची गोष्ट सांगत होतीस ना? मी शेवटचंच ऐकलं. आज मला सगळी सांग. आज तर सांगायलाच हवी."

तिला कसं म्हणणार, की बाळा, तूच मला सांग? तुला माहीत असेल तेवढं तरी सांग?

"घरी जाऊन सांगते," मी म्हटलं. "तू रहा इथे, उद्या लग्नाला मी परत येतेच. मला घरी जाऊन यायला हवं. फोन घ्यायचाय."

"पोचलीस की तिथून बोल मग. मी फोन करते तुला. फोनवर सांग."

"बरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

केसरला निरोप टाकला: मी येतेय, दाराशी थांब, मी येईपर्यंत कुलूप काढू नको. वऱ्हाडाचा टेम्पो रेवदंड्याला परत जात होता, त्यात बसले.

७

दिवेलागणीला पोचले. गल्लीत सुक्या मासळीचा वास, कोणाच्या तरी टीव्हीवर मालिका, सगळं रोजचं. केसर माझ्या पायरीवर बसली होती, गालाला हात लावून, दात काढलेला.

"काय झालं गो? आणि भात कोणी लावलाय तुझ्या घरात? मला वाटलं, शिवदास आला. पण कुलूप तर हाय."

कुलूप होतं. मी हिसका देऊन बघितलं. मी सकाळी घातलं तसंच. खिडकी लोटलेली, आत दिवा नाही. फटीतून भाताचा वास येत होता, आणि तळलेल्या मांदेलीचा. मला एकदम भूक लागली. आपल्या घरातून जेवणाचा वास आला की लागते तशी.

"केसर," मी म्हटलं, "ऐक माझं. आत कोणीतरी आहे. बाई आहे. तू चावी फिरव, मी दार ढकलते. जे दिसेल ते दिसेल."

"पोलीस..."

"पोलिसांना काय सांगू? माझ्या घरात मी आहे?"

तिने गुमान कमरेची चावी सोडली. कुलपात घातली.

आत फोन वाजला.

माझाच फोन, माझीच रिंग. पोरीचा असणार, मी पोचले असेन असा हिशेब करून तिने लावला असणार. वाजला, एकदा, दोनदा, आणि थांबला. तुटला नाही. उचलला गेला.

"हां बाळा, पोचले," आतून आवाज आला.

केसर माझ्या तोंडाकडे बघायला लागली. माझे ओठ मिटलेले होते, मी हाताने दाबून धरले होते. तिने आपल्या कपाळाला हात लावला आणि मागे भिंतीला टेकली.

"हो, हो, जेवले. तू जेवलीस का? हळद धू नीट, नाहीतर पिवळी दिसशील उद्या." आतली बाई हसली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि बसताना गुडघा दुखला की निघणारा 'अगंआई' हा माझा उद्गार. "काय? ती गोष्ट? आत्ता? ... बरं बाई, आज तुझा दिवस. सांगते. पण मध्ये बोलायचं नाही."

"किशोरी," केसर कुजबुजली, "किशोरी, उघडू काय? उघडते मी."

तिने चावी फिरवायला घेतली. दार उघडलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. जी कोणी होती ती दिसली असती, किंवा नसती. पोरीला कळलं असतं. निदान बोलणं तुटलं असतं.

"त्या दिवशी ना," आतला आवाज म्हणाला, "सकाळपासून वारा नव्हता..."

मी केसरचं मनगट धरलं. घट्ट.

"थांब," मी म्हटलं. "जरा थांब. ऐकू दे."

आणि मी दाराला कान लावला. आतली बाई आत्ता कुठे सांगायला लागली होती, आणि मला पुढचं काहीच माहीत नव्हतं.